'डोया' हिंदीमुळे? मग 'डोला' का नाही?

कुणीतरी म्हटलंय की नागपूरकडे डोळ्याचा 'डोया' आणि काळ्याचा 'काया' होतो तो हिंदीच्या संगतीनं. पटत नाही. हिंदीला ळ जमला नाही की ती तिथे ल ठेवते. गोकुळपेठ हिंदीत गोकुलपेठ होते, गोकुयपेठ नाही. म्हणजे य वऱ्हाडी-नागपुरीचा घरचाच.

ळ म्हणताना जिभेचं टोक मागे वळून टाळूवर आपटतं. बोलण्याच्या ओघात ते टोक पोचलं नाही, पण जीभ वर उचललेलीच राहिली, तर कानावर य पडतो. सुरुवातीच्या ल ला धक्का नाही, लाकूड लाकूडच.

मुळात हा ळ आला कुठून? संस्कृतातला दोन स्वरांमधला एकेरी ल मराठीत ळ झाला: फल–फळ, काल–काळ. जोडाक्षरातून आलेला मात्र ल राहिला: कल्य, प्राकृत कल्ल, आपला काल-आज-उद्यातला 'काल'. ण चंही तेच: पानीयचं पाणी, पण कर्ण–कण्ण–कान. आता इकडे 'पानी' म्हणतात म्हणजे न फिरून घरी आला, एवढंच! त्याला अशुद्ध कशाला म्हणायचं?

तपासायचं असेल तर शब्दांची यादी वाचायला देऊ नका. वाचताना माणूस शाळेतला ळ काढतो. केळीच्या भावावर गप्पा मारा आणि 'केयी' मोजा.