आईच्या बिलातील तुटीनंतर सुपर टॉप-अप घ्यावा का?

कर्वेनगरवासी:
गेल्या महिन्यात आईला (वय ६४, मधुमेह) अचानक पुण्यातील एका खासगी रुग्णालयात दाखल करावे लागले. माझ्या कार्यालयाची ५ लाखांची गट विमा पॉलिसी आहे, तिच्यात आईचे नाव आहे आणि खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला ५,००० रुपये आहे. त्या रात्री ८,००० रुपयांचीच खोली उपलब्ध होती, म्हणून ती घेतली. बिल ३,८०,००० रुपये झाले, मंजूर मात्र २,३७,५०० झाले, आणि उरलेल्या रकमेसाठी मला मुदतठेव मोडावी लागली. पुन्हा अशी वेळ येऊ नये म्हणून ५ लाखांच्या डिडक्टिबलचा (म्हणजे पहिले ५ लाख सोडून त्यावरचा खर्च देणारा) सुपर टॉप-अप विमा घ्यावा, असे एका एजंटने सुचवले आहे. तो घेणे योग्य ठरेल का?

सिंहगडरस्ता:
सुपर टॉप-अप जरूर घ्या, परंतु ही तूट त्याने भरून निघाली नसती, हे आधी लक्षात घ्या. वर्षभरातील ग्राह्य खर्चाची बेरीज ५ लाखांच्या पुढे गेली, तरच तो लागू होतो. तुमचे बिलच त्याच्या आत होते. साध्या टॉप-अपमध्ये प्रत्येक वेळचे बिल सहसा स्वतंत्र धरतात. त्यामुळे एकाच वर्षात ४ लाख आणि ३ लाख अशी दोन बिले झाली, तर ५ लाखांच्या डिडक्टिबलवर साधा टॉप-अप काहीच देणार नाही, सुपर टॉप-अप मात्र वरचे २ लाख देईल. आईचा मधुमेह अर्जात स्पष्ट लिहा. आधीपासूनच्या आजारासाठीचा प्रतीक्षाकाळ (ज्या काळात त्या आजाराचा खर्च विमा देत नाही) १ एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त ३६ महिन्यांवर आणला आहे, आणि तो आजार लपवल्याने क्लेम नाकारला गेला, तर त्याचा त्रास आईलाच होईल.

पेठेतला वाचक:
मला तुमच्या आकड्यांबद्दल बोलायचे आहे, कारण मर्यादा ५,००० आणि खोली ८,००० ची, म्हणजे आठात पाच, आणि ३,८०,००० चे आठात पाच भाग केले की बरोबर २,३७,५०० येतात. याचा अर्थ औषधे, तपासण्या आणि इम्प्लांट यांच्यासह संपूर्ण बिल खोलीभाड्याच्या प्रमाणात कापले गेले आहे. अशी प्रमाणबद्ध कपात ‘असोसिएटेड मेडिकल एक्स्पेन्सेस’ना, म्हणजे खोलीशी निगडित वैद्यकीय खर्चांना लागू होते, आणि त्या व्याख्येतून औषधे, कन्झ्युमेबल्स (एकदा वापरून टाकायच्या वस्तू), इम्प्लांट व तपासण्या सहसा वगळलेल्या असतात. तेव्हा मनुष्यबळ विभागाकडून पॉलिसीची मूळ प्रत मागवा आणि ती व्याख्या पडताळून पाहा. तिथे तसे लिहिलेले असेल, तर विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी हरकत घ्या. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालांकडे (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जाता येते. त्यांचे कार्यालय पुण्यात आहे आणि तक्रारीला शुल्क नाही. नवा विमा नंतर पाहू, आधी हे पैसे मिळवा, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

कर्वेनगरवासी:
हा हिशेब माझ्या ध्यानातच आला नव्हता. मनापासून आभार. प्रत उद्याच मागवते. एक शंका राहते : नोकरी सुटली, तर ते ५ लाख कोण भरणार?

सिंहगडरस्ता:
सुपर टॉप-अपसाठी मूळ पॉलिसी असलीच पाहिजे असे नाही, पण ती नसेल तर डिडक्टिबलची रक्कम तुम्हाला स्वतःच्या खिशातून भरावी लागेल. म्हणून नोकरीत असतानाच आईच्या नावाने, खोलीभाड्याची मर्यादा नसलेली एक लहान वैयक्तिक पॉलिसी सुरू करा, म्हणजे तिचा प्रतीक्षाकाळ आतापासूनच मोजला जाईल.