लिव्हरच्या पेशंटला रक्त पातळ करायची सुई: लूट की इलाज?

खानापूरकर: काल टिळकवाडीच्या महाशयांनी लिहिलं, "सिरोसिसमध्ये, म्हणजे लिव्हर आकसून निबर झाल्यावर, रक्त मुळातच पातळ, त्याला आणखी पातळ करायची सुई टोचणारे डॉक्टर लुटारू." वर लाईकचा पाऊस! माझा थोरला भाऊ ट्रान्सप्लांटच्या यादीत आहे. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आयएनआर २.१, म्हणजे कागदावर रक्त पातळच. तरी डॉपलर सोनोग्राफीला पोर्टल व्हेनमध्ये, म्हणजे आतड्याकडून लिव्हरला रक्त नेणाऱ्या शिरेत, गुठळी दिसलीच की! आजारी लिव्हर रक्त गोठवणारे घटक कमी बनवतं, तसे गोठणं रोखणारेही कमीच बनवतं. त्यात शिरेतला प्रवाह मंदावलेला. गुठळी शिरेभर पसरली तर नवं लिव्हर जोडायचं कशाला, भिंतीला?

टिळकवाडी: पुस्तक वाचून दाखवू नका. आमच्या बाबांना हीच सुई सुरू केली. नवव्या दिवशी पहाटे उलटी झाली. आईनं पितळी तांब्या पुढं धरला, तो काठोकाठ भरला. रक्तानं. तुम्ही बघितलंय असलं काही?

निपाणीची ताई: वाचूनच अंगावर काटा आला, दादा. पण एक विचारते, रागवू नका. सुई सुरू करायच्या आधी दुर्बीण घातली होती का? अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटू नयेत म्हणून त्यांना रबरी बँड मारले होते?

टिळकवाडी: नाही. विचारणार कोण? सहीचा कागद पूर्ण कन्नडात, आईनं अंगठा उठवावा तशी सही केली.

शहापूर पेठ: आला! लिव्हरमधून थेट सीमाप्रश्नात. इथं कर्नाटकात राहून दोन ओळी कन्नड वाचता येत नाही, हा दोष कुणाचा?

टिळकवाडी: मरणाच्या दारात माणूस असताना मुळाक्षरं गिरवायची होय? २०२३ मध्ये महाराष्ट्रानं ८६५ सीमागावांना मोफत इलाजाची फुले योजना दिली, तर तुमच्या सरकारनं त्यावरही आक्षेप घेतला!

शहापूर पेठ: 'तुमच्या' म्हणजे? मीही घरी मराठीच बोलतो. १९५६ पासून तेच रडगाणं.

खानापूरकर: अहो, दोघं गप्प बसा. रेशनकार्ड इकडचं, योजना तिकडची, आणि भाऊ बेंगळुरूच्या राणी चन्नम्मा एक्सप्रेसमध्ये रात्रभर पोट धरून बसलेला. याचं उत्तर कुणाकडं आहे का?

निपाणीची ताई: केंद्रानं २०२३ मध्ये अवयवाच्या यादीत नोंदणीसाठी त्या राज्यातल्या रहिवासाची अट काढली आहे. पुण्याला विचारून बघा, बेंगळुरूपेक्षा जवळ पडेल. आणि रक्त पातळ करायची गोळी, वॉरफॅरिन, सुरू असेल तर तिथं आधी सांगा. त्यानं आयएनआर वाढतो, मग यादीतला नंबर ठरवणारा मेल्ड स्कोअर फुगलेला दिसतो.

टिळकवाडी: म्हणजे त्या गोळीनं नंबर वर सरकतो? वा, आणखी एक धंदा.

निपाणीची ताई: म्हणूनच बरेच डॉक्टर सुईच पसंत करतात, महाराज! तुमच्याच लुटारूंची.

टिळकवाडी: बरं. आधी दुर्बीण, बँड, मग सुई, एवढं मानतो. बाबांचं तसं केलं असतं तर... जाऊ दे. 'लुटारू' शब्द मात्र मागं घेणार नाही.

खानापूरकर: नका घेऊ. शुक्रवारी भावाचं पुन्हा डॉपलर आहे. पुण्याला कुठले कागद लागतात, तेवढं कुणीतरी नीट मराठीत सांगा.

शहापूर पेठ: कन्नडात सांगू का?