फराळानंतर चिकट झालेली गॅसची शेगडी घरातल्या साहित्याने कशी स्वच्छ करावी? (बर्नरही काळे पडले आहेत)

मूळ प्रश्न : गोडामसाला

नमस्कार. आमच्याकडे तीन बर्नरची स्टीलची शेगडी आहे आणि ती गेली बारा वर्षे वापरात आहे. रोज रात्री ओट्याबरोबर तीही पुसली जाते. मात्र यंदा दिवाळीत सलग चार दिवस चकल्या, शंकरपाळे आणि अनारसे तळले, त्या गडबडीत दोनदा दूध उतू गेले आणि पाहुण्यांच्या वर्दळीत शेगडी तशीच राहिली. आता बर्नरखालच्या ताटल्यांवर तपकिरी, कडक थर बसला आहे, तर नॉबच्या भोवती बोट टेकवले की चिकटते.

विकतचे उग्र वासाचे द्रावण वापरायचे नाही, कारण सासूबाईंना दम्याचा त्रास आहे. म्हणून मी एका वाटीत खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून ते मिश्रण ताटल्यांवर ओतले. फेस इतका आला की काम झालेच असे वाटले, परंतु पुसल्यावर डाग जागच्या जागी होता. मग बर्नर काढून धुण्याच्या सोड्याच्या कढत पाण्यात रात्रभर बुडवून ठेवले. सकाळी वरच्या पितळी चकत्या बऱ्या निघाल्या, पण खालचे अ‍ॅल्युमिनियमचे भाग काळेकुट्ट झाले. शिवाय तेव्हापासून मधल्या बर्नरची ज्योत पिवळी येते आणि चहाच्या पातेल्याच्या बुडाला काजळी धरते. माझे नेमके काय चुकले, आणि आता काय करावे?

प्रतिसाद : सांजवात

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवत असे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

सोडा अल्कधर्मी आणि व्हिनेगर आम्ल. दोन्ही वाटीतच एकत्र केले की ते एकमेकांना मारतात. कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे उडून जातात आणि मागे उरते ते बहुतांशी पाणी व सोडियम अ‍ॅसिटेट, ज्याचा तेलकट थरावर फारसा उपयोग नाही. लिंबू आणि इनो एकत्र करण्याची युक्ती सध्या फार फिरते आहे, तिचीही हीच गत आहे, कारण इनोमध्ये सोडा आणि सायट्रिक आम्ल आधीच असते. फेस दिसायला छान दिसतो, एवढेच.

तेल वारंवार तापून वाळले की त्याचा रोगणासारखा पापुद्रा होतो. त्याला आम्ल नव्हे, सोडा हवा, आणि सोड्याला ऊब व वेळ हवा. स्टीलच्या ताटल्या सुट्या काढून पसरट पातेल्यात ठेवा, बुडतील इतके कढत पाणी ओता, दर लिटरला दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा घाला आणि अर्धा-पाऊण तास झाकून ठेवा. हातमोजे अवश्य घाला, कारण हा सोडा कातडी सोलवटतो. नंतर थर नखाने उचलतो का ते पाहा. उचलत नसेल तर घासत बसण्यापेक्षा पाणी पुन्हा तापवून आणखी एकदा भिजवणे बरे. शेगडीचा पत्रा बुडवता येत नाही, म्हणून तिथे खाण्याच्या सोड्याचा दाट लेप लावून वर कढत पाण्यात पिळलेले फडके वीस मिनिटे अंथरावे. तारेची घासणी मात्र पत्र्याला लावू नका. तिचे ओरखडे कायमचे राहतात आणि पुढची घाण त्यांतच बसते.

अ‍ॅल्युमिनियम काळे पडले ते याच सोड्यामुळे. हा धातू अल्कधर्मी पाण्यात टिकत नाही. तो भाग चिंचेच्या किंवा लिंबाच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटे उकळवा, काळेपणा बराचसा उतरेल. आम्लाची जागा ही. पितळी चकत्यांनाही चिंच-मिठाने चकाकी येते, पण लगेच स्वच्छ पाण्याने धुवा.

प्रतिसाद : ओटाभर पसारा

सांजवात यांनी सांगितलेल्यात ज्योतीचा मुद्दा राहिला आहे. पिवळी ज्योत म्हणजे गॅसला पुरेशी हवा मिळत नाही, म्हणून काजळी धरते. तो बर्नर तसाच वापरत राहू नका, आणि वापरावाच लागला तर खिडकी उघडी ठेवा, कारण अर्धवट ज्वलनात कार्बन मोनॉक्साइडही तयार होतो.

आधी रेग्युलेटर बंद करा, केवळ नॉब नव्हे. बर्नर पूर्ण गार झाल्यावर चकती उचलून प्रत्येक भोक टाचणीने मोकळे करा. टूथपिक वापरू नये, तिचे टोक आत मोडते. खालची नळी उलटी करून ठोका आणि आत बाटली धुण्याचा ब्रश फिरवा. ज्या बारीक छिद्रातून गॅस येतो त्या जेटमध्ये मात्र सुई घालू नका. छिद्र मोठे झाले की जास्त गॅस येऊ लागतो, आणि ते काम मेकॅनिकचेच आहे. सगळे भाग खडखडीत वाळवून बसवा, कारण आत पाणी राहिले तरी ज्योत फडफडते.

बसवल्यावर सिलिंडरकडून येणाऱ्या गॅसच्या नळीच्या जोडांना साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. गॅसचा वास आला तर काहीही पेटवू नये, विजेची बटणेही दाबू नयेत, खिडक्या उघडून १९०६ या क्रमांकावर फोन करावा.

प्रतिसाद : कोकणकडा

नॉबच्या भोवतीच्या चिकटपणाला सोडा नको, आकडे आणि खुणा पुसल्या जातात. थोडे खोबरेल तेल बोटाने चोळून दहा मिनिटे ठेवा, मग भांड्याच्या साबणाने पुसा. चिकट तेल तेलानेच सुटते. आमच्या आजी यासाठी रॉकेल वापरत, परंतु ते शेगडीजवळ नकोच.

गोडामसाला

सर्वांचे मनापासून आभार. काल दुपारी सगळे करून पाहिले. ताटल्यांना दोनदा भिजवावे लागले. दुसऱ्या वेळी थर पापडासारखा निघाला, केवळ दुधाचा एक डाग काठाला राहिला आहे. अ‍ॅल्युमिनियम चिंचेच्या पाण्याने करडे झाले, पूर्वीसारखे पांढरे नाही, पण हाताला काळे लागत नाही. खोबरेल तेलाचे मी खरे मानले नव्हते, परंतु सर्वांत लवकर तेच काम झाले.

आणि मधल्या बर्नरची नळी ओट्यावर ठोकल्यावर तीन जळक्या मोहऱ्या आणि कढीपत्त्याचे एक देठ बाहेर पडले. आता ज्योत निळी आहे. सासूबाईंचे म्हणणे असे की फोडणी मी फार लांबून टाकते.