दोन इंतिफादा, दोन उलटे परिणाम

'इंतिफादामुळे, म्हणजे पॅलेस्टिनींच्या उठावांमुळे, इस्रायल फक्त कडवा होत गेला' हे अर्धंच खरं आहे, पहिल्या वेळी झालं ते जवळपास उलटं होतं. डिसेंबर १९८७ मध्ये गाझातल्या जबालिया छावणीतून पहिला उठाव सुरू झाला तेव्हा यित्झाक राबिन इस्रायलचे संरक्षणमंत्री होते, दगड मारणाऱ्या पोरांवर लाठ्या चालवायचं धोरण त्यांचंच, आणि तेच राबिन १९९२ ला डाव्या लेबर पक्षाच्या ४४ जागा घेऊन पंतप्रधान झाले नि पुढच्या वर्षी पॅलेस्टिनी नेतृत्वाशी ऑस्लो शांतता करार केला. सक्तीच्या लष्करी सेवेतली १८-२० वर्षांची मुलं गल्लीबोळात शाळकरी पोरांच्या मागे धावत होती, हे घराघरात टीव्हीवर दिसत होतं, आणि हे असं कायम चालवता येणार नाही हे बऱ्याच जणांना तेव्हा कळलं.

सप्टेंबर २००० मध्ये दुसरा उठाव सुरू झाला आणि सगळं फिरलं, आत्मघाती स्फोट होऊ लागले. बस, कॅफे, पिझ्झाची दुकानं, काहीच सुरक्षित राहिलं नाही. मार्च २००२ मध्ये नेतान्या शहरातल्या हॉटेलात सणाच्या जेवणाला बसलेली ३० माणसं अशाच स्फोटात गेली. कॉफी प्यायला जाताना दारात गार्डला बॅग उघडून दाखवायची हे रोजचं झालं. मरणाऱ्यांत पॅलेस्टिनी कितीतरी जास्त होते, पण इस्रायली मतदाराच्या डोक्यात बसली ती आपली बस. त्याआधीच, २००१ मध्ये, उजव्या लिकुड पक्षाचे एरियल शॅरन पंतप्रधान म्हणून निवडून आले होते, मग वेस्ट बँकच्या बाजूने भिंत आली. आणि ४४ जागांचा तो लेबर पक्ष २०२२ ला ४ वर आला, त्याहून डावा मेरेट्झ पक्ष तर संसदेबाहेरच. डाव्यांच्या या घसरणीला इतरही कारणं आहेत, पण 'समोर शांततेचं बोलायला कुणी नाही' हे वाक्य त्याच वर्षांत सर्वसामान्य झालं, आणि मला सगळ्यात जास्त वाईट त्याचंच वाटतं.