माउसने चित्रं काढून हाताला मुंग्या येतात, मदत हवी आहे

निळीरेघ:
उजवा हात कामातून गेलाय. माउसने चित्रं काढते. संध्याकाळपर्यंत बोटं बधिर. मनगटाला पट्टा बांधला, जेलची गादी आणली, फरक शून्य. शुक्रवारी काम द्यायचंय. कुणाला झालंय का असं? लवकर सांगा प्लीज.

शाईदौत:
कुठली बोटं? किती दिवसांपासून?

गिरगटवही:
कार्पल टनेल आहे हे, मनगटात नस दबते. मलाही झालं होतं. रात्री मनगट सरळ राहील असा स्प्लिंट बांधून झोपा आणि पेन टॅबलेट घ्या, म्हणजे माउसऐवजी पाटीवर पेनने काढता येतं.

पाऊलवाट:
टॅबलेटने सुटका होत नाही. मी घेतला, तर अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागला. डी क्वेरव्हेन निघालं, म्हणजे अंगठ्याकडच्या स्नायुबंधांचं दुखणं. उभा माउस घ्या, तळहात पालथा पडत नाही.

गिरगटवही:
पेन आवळून धरलं असेल तुम्ही. प्रेशर सेटिंग हलकं केलं की जोर लावावा लागत नाही.

चौकट:
क्रिटा या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये स्टॅबिलायझर लावा, रेषा सुंदर येते.

निळीरेघ:
रेषेचं विचारलंच नाहीये हो. काम व्हेक्टरचं आहे, दिवसभर नोड, म्हणजे रेषेवरचे बिंदू, ओढायचे, टॅबलेट नकोय. करंगळी आणि अनामिकेची करंगळीकडची बाजू. तीन आठवडे झाले.

शाईदौत:
अहो, मग कार्पल टनेल कसं असेल? त्यात अंगठा, तर्जनी, मधलं बोट धरतं, करंगळी सुटते. ही अल्नर नस दिसतेय. कोपर आपटल्यावर झिणझिणते ना, तीच. कोपर कुठे टेकवता?

पांढराकागद:
डोळ्यांनाही जपा. दर २० मिनिटांनी २० सेकंद लांब बघायचं.

निळीरेघ:
टेबलाच्या कडेवर. आत्ता बाही वर करून पाहिलं, आतल्या बाजूला लाल वळ उठलाय.

शाईदौत:
कोपर तिथून उचला आधी. फोन कानाला लावतानाही हात फार वेळ दुमडून ठेवू नका. रात्री कोपराला टॉवेल सैलसर गुंडाळा, म्हणजे झोपेत दुमडणार नाही. जेलची गादी काढाच, करंगळीखालच्या तळव्यावर दाब आला तर हीच नस तिथेही दबते. विंडोज असेल तर माउस सेटिंगमध्ये क्लिकलॉक आहे, बटण दाबून न धरता नोड ओढता येतो. पकड कमी झालीय का? तसं असेल तर घरगुती उपायांवर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

पाऊलवाट:
उभ्या माउसचा एकदा विचार कराच.

निळीरेघ:
क्लिकलॉक सापडलं, गादी काढली. पकडीचं म्हणाल तर कालपासून बरणीचं झाकण फिरत नाहीये, दमल्यामुळे असेल वाटलं. उद्या सकाळची अपॉइंटमेंट घेतली. शुक्रवारची मुदत वाढवून मागते.