‘गिफ्ट’ : भेट, विष आणि विवाह

प्रश्न : इंग्रजीत ‘गिफ्ट’ म्हणजे भेटवस्तू. जर्मनमध्ये मात्र याच अक्षरांनी लिहिलेला शब्द विषाचा वाचक आहे आणि स्वीडिशमध्ये तो ‘विवाहित’ या अर्थानेही येतो. हे साम्य योगायोगाचे आहे की मूळ एकच आहे?

उत्तर : मूळ एकच, आणि ते म्हणजे ‘देणे’. इंग्रजी ‘गिव्ह’ आणि जर्मन ‘गेबेन’ ही क्रियापदे त्याच कुळातली आहेत. विवाहाचा अर्थ वधू देण्याच्या कल्पनेतून आला. जुन्या इंग्रजीतही हा शब्द वराने द्यायच्या वधूमूल्यासाठी वापरला जाई.

उत्तर : विषाच्या अर्थाचा प्रवास मला सर्वांत विलक्षण वाटतो. ग्रीकमध्ये ‘दोसिस’ म्हणजे देणे. वैद्यांच्या भाषेत त्याला ‘औषधाची दिलेली मात्रा’ असा अर्थ आला आणि आपण रोज वापरतो तो ‘डोस’ही त्याच शब्दाचा वंशज आहे. त्याच्या प्रभावाने जर्मन ‘गिफ्ट’लाही मात्रेचा अर्थ चिकटला, पुढे प्राणघातक मात्रेचा, आणि विषाचे थेट नाव टाळण्याच्या प्रवृत्तीमुळे तोच रूढ झाला. जुना अर्थ मात्र पूर्णपणे लोपलेला नाही, कारण ‘मिटगिफ्ट’ म्हणजे वधूला माहेरहून मिळणारे धन. तो शब्द आजही स्त्रीलिंगी आहे, तर विषवाचक ‘गिफ्ट’ नपुंसकलिंगी.

उत्तर : डच भाषेने हा गुंता रूपभेदाने सोडवला आहे : ‘गिफ्ट’ म्हणजे देणगी, तर अंत्य ‘ट’ गळलेला ‘गिफ’ म्हणजे विष. स्वीडिशमध्ये मात्र विष आणि विवाहित या दोन्ही अर्थांसाठी एकच रूप असल्याने संदर्भ पाहूनच अर्थ ठरवावा लागतो.