पगारही चिपच्या यंत्रांवर आणि बचतही चिपच्या यंत्रांवर?

धंतोलीकर

भाचीला चिप बनवायची यंत्रं तयार करणाऱ्या एका मोठ्या अमेरिकी कंपनीत नोकरी लागली. व्हीएनआयटीतून मेकॅनिकल केलं, आता बंगळुरूला प्रोसेस इंजिनिअर. पगाराबरोबर चार वर्षांत टप्प्याटप्प्यानं कंपनीचे शेअर मिळणार, त्यांना आरएसयू म्हणतात. शिवाय पगारातून रक्कम कापून १५ टक्के सवलतीत आणखी शेअर घ्यायची योजना आहे. नोकरी घ्यावी यावर घरात एकमत. वाद शेअरवर. तिचे वडील म्हणतात, एकही विकायचा नाही. माझं मत, हातात पडला की त्याच आठवड्यात विकायचा आणि पैसा दुसरीकडे लावायचा.

कारण हा धंदा लाटांचा आहे. या क्षेत्रातल्या अप्लाइड मटेरिअल्सचे आकडे सगळ्यांसमोर आहेत, तेच बघू. २००० साली विक्री साडेनऊ अब्ज डॉलर, २००२ मध्ये पाच अब्ज. २००८ मध्ये पुन्हा आठ अब्ज, २००९ मध्ये परत पाच आणि वर तोटा. एप्रिल २००० मध्ये शेअर ज्या भावाला होता तिथं परत यायला २०१७ उजाडलं. सतरा वर्षं! तेवढ्यात आमच्याकडची पोरं शाळेत जाऊन, इंजिनिअर होऊन, लग्न करून मोकळी होतात.

आणि पडझड सुरू झाली की या कंपन्या माणसंही कमी करतात. लॅम रिसर्चनं जानेवारी २०२३ मध्ये सुमारे १३०० जण काढले, म्हणजे जवळपास ७ टक्के. पगार आणि पुंजी दोन्ही एकाच खुंटीला टांगायची कशाला?

काटोलचा बागायतदार

धंतोलीकर, आकडे बरोबर, निष्कर्ष चूक. तुम्ही २००० चं टोक धरून मोजता. त्या दिवशी जगातला जवळजवळ कुठलाही टेक शेअर घेतला असता तर हीच रड असती. भाचीला काही सगळे शेअर एका दिवशी मिळणार नाहीत. चार वर्षांत हप्त्याहप्त्यानं मिळणार, म्हणजे कधी महाग, कधी स्वस्त. टोकाला सापडायची भीती तिथंच अर्धी झाली.

मी संत्र्याचा माणूस. आंबिया बहार गळाला तर मी बसतो, मृग बहाराला पाऊस दगा देतो तेव्हाही मीच बसतो. पण फवारणीचे पंप विकणारा दुकानदार कधी बसलेला पाहिला नाही. चिप इंटेलची खपो की तैवानच्या टीएसएमसीची, बहुतेक यंत्रं या चार-पाच कंपन्यांकडूनच घ्यावी लागतात. अप्लाइड, लॅम, केएलए, जपानची टोकियो इलेक्ट्रॉन आणि नेदरलँड्सची एएसएमएल. ईयूव्हीची, म्हणजे अतिनील प्रकाशानं चिपवर बारीक नक्षी छापायची यंत्रं तर जगात एकटी एएसएमएल बनवते. वितळलेल्या कथलाचे सेकंदाला ५० हजार थेंब सोडून प्रत्येकावर लेझर मारायचा आणि त्यातून १३.५ नॅनोमीटरचा प्रकाश काढायचा, हे उद्या उठून कोण करणार आहे?

आणि तुमचं लॅमचं उदाहरण तुमच्यावरच उलटतं. ज्या २०२३ मध्ये त्यांनी माणसं काढली, त्याच वर्षात शेअर पाऊणपटीहून जास्त चढला. अप्लाइडनं ऑक्टोबर २०२५ मध्ये ४ टक्के लोक कमी केले तेव्हाही शेअर तेजीतच होता. म्हणजे ज्याची नोकरी गेली आणि ज्यानं शेअर ठेवले होते, त्याला शेअरनंच सांभाळलं. तुम्ही विमाच विकायला सांगताय.

बेसा बेलतरोडी

हे बरोबर बोलले काटोलवाले. धंतोलीकर, मले एक सांगा, शेअर विकून पैसा लावसान कुठं? शेवटी आउटर रिंग रोडच्या पलीकडं बिना आरएलचा (रिलीज लेटरचा) प्लॉटच घेसान ना 😄

धंतोलीकर

बागायतदार, २०२३ ची चढण सांगितली, पण आधीच्या वर्षीची घसरण गिळून टाकली. २०२२ मध्ये तोच शेअर सुमारे ४० टक्के उतरला होता. शेअर आधी पडतो, माणसं मागून जातात, आणि सावरायला लागतो तोवर ज्याची नोकरी गेली त्यानं ईएमआयसाठी विकलेला असतो. सावरेपर्यंत थांबायची ऐपत असलेल्यालाच तुमचा विमा मिळतो. बंगळुरूत भाड्यानं राहणाऱ्या पंचविशीतल्या पोरीकडं ती ऐपत आहे का?

आणि पंपवाल्याचं म्हणाल तर, सलग दोन बहार गेल्यावर तुम्ही नवा पंप घेता की जुन्यालाच वॉशर बसवता?

चीनचा मुद्दा तर कुणी काढलाच नाही. अप्लाइडच्या २०२४ च्या आर्थिक वर्षात ३७ टक्के विक्री एकट्या चीनला होती. ऑक्टोबर २०२२ पासून अमेरिकी सरकार निर्यातीवर निर्बंध घालत आलंय आणि ते दर काही महिन्यांनी बदलतात. उलट बाजूनं, जपानची कोकुसाई इलेक्ट्रिक विकत घ्यायचा अप्लाइडचा सौदा २०२१ मध्ये मोडला तो चीनची मंजुरी वेळेत आली नाही म्हणून. यंत्र कितीही चांगलं असो, ते विकायचं की नाही हे वॉशिंग्टन आणि बीजिंग ठरवतात. त्या जोखमीवर माझी भाची पगार घेतेच आहे. बचत पण तिथंच?

क्लीनरूम

वॉशर बसवतात ना, तो वॉशरसुद्धा हीच कंपनी विकते. तिथंच तुमचा हिशेब जरा चुकतो, धंतोलीकर. मी अशाच एका कंपनीच्या फील्ड सर्व्हिसमध्ये होते. यंत्र आमचं, पण ते उभं ग्राहकाच्या कारखान्यात, आधी सिंगापूर, मग तैवान. मंदीत ग्राहक नवं यंत्र घेत नाही, असलेलं मात्र चालवतोच. अप्लाइडचा नुसता सर्व्हिस आणि सुट्या भागांचा धंदा २०२४ मध्ये सहा अब्ज डॉलरच्या वर होता. २००२ मध्ये पूर्ण कंपनीची विक्री याहून कमी होती. तेव्हाची कंपनी आणि आजची कंपनी एकाच तागडीत टाकू नका.

पण नोकरीबद्दल इथं सगळे फार गुळगुळीत बोलताय, तेवढं सांगते. एच चेंबरचं, म्हणजे चिपवर नक्षी कोरणाऱ्या बंद भांड्याचं, पीएम (ठरावीक देखभाल) म्हणजे काय ते बघा. गॅस बंद, कुलूप-टॅग, मग नायट्रोजन भर आणि ओढ, भर आणि ओढ, आतला विषारी वायू जाईपर्यंत. चेंबर निवलं की झाकण वर. आत भिंतीला पॉलिमरचा थर बसलेला. आयपीएमध्ये (एक प्रकारचं अल्कोहोल) भिजवलेल्या वाइपनं एकाच दिशेनं पुसायचं, वाइप पांढरी निघेपर्यंत. मागे-पुढे घासलं की सुपरवायझर हात धरतो. नवी ओ-रिंग बसवताना तिच्यावर एक तंतू राहिला तर लीक चेकमध्ये पकडला जातो आणि सगळं पुन्हा खोलायचं. अंगात डोक्यापासून पायापर्यंत झाकणारा बनी सूट, हातात दोन-दोन हातमोजे, बारा तासांची पाळी. बाथरूमला जायचं तर पूर्ण वेश उतरवा, परत चढवा. त्यामुळे पाणीच कमी प्यायची सवय लागते, आणि पुढं त्याचा त्रास होतोच. मागून ग्राहकाचा माणूस दर अर्ध्या तासाला विचारत असतो, टूल कधी अप होणार?

भाची प्रोसेस इंजिनिअर आहे, तिला लॅब असेल, पाळ्या कमी असतील. तरी नवं यंत्र ग्राहकाकडं बसवताना महिना-महिना बाहेर राहावं लागतं. ते आधी विचारून घ्या. शेअरवर इतकं भांडताय, हे विचारलं का कुणी?

धंतोलीकर

नाही विचारलं. तिलाच विचारायला सांगतो.

मिहान पाळी

पण बंगळुरू काहून? इथं नागपुरात मिहानच्या सेझमध्ये नोकरी करून घरचा वरण-भात खाऊन राहिलोय मी, पगारातले निम्मे उरतात. तिकडचं भाडं, डिपॉझिट आणि ट्रॅफिक धरा, मग सांगा शेअरचा फायदा.

क्लीनरूम

मिहानमध्ये प्लाझ्मा आणि व्हॅक्यूमचं काम दाखवा, पुढच्या विमानानं येते. अप्लाइड बंगळुरूत, लॅम बंगळुरूत, केएलए चेन्नईत. लॅमनं तर २०२५ मध्ये कर्नाटकात १० हजार कोटी गुंतवायचं जाहीर केलं. धोलेऱ्याला टाटांचा ९१ हजार कोटींचा फॅब, म्हणजे चिपचा कारखाना येतोय, साणंदला मायक्रॉन. आमच्या विद्येची गिऱ्हाईकं सगळी तिकडं. आपल्या वाट्याला वेदांता-फॉक्सकॉन येणार-येणार म्हणत २०२२ मध्ये गुजरातला गेलं आणि वर्षभरात तिथंही मोडलं.

काटोलचा बागायतदार

आणखी एक फायदा. पोरगी आत बसलेली. ऑर्डरी आटायला लागल्या की तिला आपल्या आधी कळेल. तेव्हा विकेल की.

हिशेबनीस

बागायतदार, हे लिहिलंत तेवढं पुरे, घरात बोलू नका. आतली माहिती हाती धरून विकणं हा अमेरिकेत गुन्हा आहे, मग विकणारा नागपूरचा असो की न्यूयॉर्कचा. म्हणूनच तिमाही निकालाच्या आधी अशा कंपन्या आतली माहिती असलेल्या कर्मचाऱ्यांना विक्रीची खिडकीच बंद करतात. म्हणजे ज्या काळात तिला सगळ्यात जास्त कळलेलं असेल, नेमकं त्याच काळात तिला विकता येणार नाही. बाहेरचा गुंतवणूकदार कधीही सुटू शकतो, कर्मचारी नाही.

आता कराचं. माझ्याकडं बंगळुरू-पुण्याहून परतलेल्या पोरांची आयटीआर येतात, त्यातली निम्मी याच गोंधळाची असतात. आरएसयू ज्या दिवशी खात्यात पडतो त्या दिवशीचा भाव रुपयांत काढून तो पगारात धरला जातो आणि स्लॅबप्रमाणे कर लागतो. तुम्ही विका नाही तर ठेवा. बहुतेक वेळा कंपनी त्यातलेच काही शेअर विकून टीडीएस भरते. म्हणून 'फुकट मिळालेला शेअर कशाला विकायचा' हा विचारच उलटा आहे. फुकट नाही, तो तिचा पगार आहे. कंपनीनं तेवढे पैसे रोख दिले असते, तर त्या दिवशी तिनं ते सगळेच्या सगळे याच एका शेअरमध्ये टाकले असते का? उत्तर नाही असेल तर विका.

ठेवायचेच असतील तर पुढचं ऐका. २४ महिन्यांनंतर विकले तर नफ्यावर १२.५ टक्के, आधी विकले तर स्लॅबनं. लाभांशावर अमेरिका २५ टक्के आधीच कापते. त्याचं क्रेडिट इथं मिळतं, पण फॉर्म भरावा लागतो. आयटीआरमध्ये शेड्यूल एफए, म्हणजे परदेशी मालमत्तेचा तक्ता भरायचा, आणि तो एप्रिल-मार्च नाही, जानेवारी-डिसेंबर धरून. इथं पोरं हमखास चुकतात. मोठी रक्कम लपली तर काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो.

आणि एक गोष्ट काटोलच्या साहेबांसाठी, कारण ते स्वतः डॉलर पाठवून शेअर घेत असावेत असं वाटतं. अमेरिकी नसलेल्या माणसाच्या मृत्यूच्या वेळी त्याच्या नावावर अमेरिकी कंपन्यांचे शेअर ६० हजार डॉलरच्या वर असतील, तर वरच्या रकमेवर तिकडचा इस्टेट टॅक्स लागतो, ४० टक्क्यांपर्यंत. वारसांनी आधी तो मिटवायचा. या बाबतीत भारताशी अमेरिकेचा करार नाही.

बेसा बेलतरोडी

बाप्पा! मेल्यावर पण कर? यापेक्षा आपला प्लॉट बरा.

धंतोलीकर

प्लॉटवाले, तुमची पण एकदा होऊन जाऊ द्या. मिहान येणार, कार्गो हब होणार म्हणून वर्धा रोडवर २००५-०७ च्या सुमारास ज्यांनी प्लॉट घेतले त्यांच्यातल्या कितीजणांनी दहा-दहा वर्षं नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यासच्या) चकरा मारल्या ते विचारा. माझ्या मेव्हण्याचा प्लॉट अजून गुंठेवारीत अडकलेला आहे. पोरीचे पैसे मी जमिनीत टाकायला सांगतच नाही. निफ्टीचा इंडेक्स फंड, थोडं पीपीएफ, आणि सहा महिन्यांचा खर्च एफडीत. चिपच्या क्षेत्रावर एवढा विश्वास असेल तर चाळीस-पन्नास कंपन्या असलेला फंड घ्या, एकाच कंपनीचा शेअर नको.

बेसा बेलतरोडी

इंडेक्स फंडाच्या भिंतीले पाठ टेकता येते का भाऊ? प्लॉटवर निदान कंपाउंड तं बांधता येते.

क्लीनरूम

सवलतीच्या योजनेबद्दल मात्र धंतोलीकरांचं अर्धवट राहिलं. १५ टक्के सूट आहे ती घ्याच. मिळाले की विका, कर गेला तरी हातात उरतं. माझ्या बॅचमधले जे ती योजना नाकारून बसले त्यांचं गणित मला कधी कळलं नाही. आरएसयू मी स्वतः निम्मे ठेवले, निम्मे विकले. निम्मे ठेवले ते केवळ विकायचा कंटाळा म्हणून, त्यात काही अक्कल नव्हती. आज तेच निम्मे जास्त किमतीचे आहेत. यावरून कुणाचं बरोबर ठरतं ते तुम्ही ठरवा, मी त्यात पडत नाही.

धंतोलीकर

कंटाळ्यानं राहिलेले शेअर वाढले हा काही सल्ला होत नाही. कंटाळ्यानं राहिलेलेच २००० मध्येही होते. सवलतीची योजना घेऊन लगेच विकणं मान्य, ते मी आजच कळवतो. बाहेरगावच्या कामाचं तर ती आधी विचारून घेईल. वडिलांना हिशेबनिसांचा 'रोख दिले असते तर' हा प्रश्न विचारून बघतो. उत्तर काय येणार ते माहीत आहे. ते म्हणतील, हो, सगळे त्यातच टाकले असते.

काटोलचा बागायतदार

शहाणा माणूस आहे, माझा नमस्कार सांगा.

हिशेबनीस, तुम्हाला व्यक्तिगत निरोप टाकलाय. ६० हजार डॉलरचं आम्हाला शेअर घेऊन देणाऱ्या ॲपनं कधी सांगितलं नव्हतं. बायकोच्या नावावर वेगळं खातं काढलं तर तिची मर्यादा वेगळी धरतात का, तेवढं बघून सांगा. शेअर मी विकत नाही.